खांबेटे बाई आणि फुगणारी माती

खांबेटे बाई माती खायच्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पहिल्याच दिवशी घाबरलो होतो. कसबा पेठेत, एका मूर्तिकाराच्या कारखान्यावरच्या मजल्यावर त्यांची माती तपासण्याची प्रयोगशाळा होती. मी मुलाखतीला गेलो तेव्हा पन्नाशीच्या एक बाई चष्मा कपाळावर चढवून स्टुलावर बसलेल्या, जिभेवर चिमूटभर माती, डोळे मिटलेले. मला वाटलं, काहीतरी नवस असेल. पुण्यात काय, कशाचाही असतो.

"चिकटतेय," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. मग बेसिनपाशी जाऊन चूळ भरली आणि विचारलं, "कुठले आपण?"

"अकोल्याचा. प्रशांत राऊत. बी.एस्सी. ॲग्री."

"म्हणजे काळ्या मातीतले. बसा. जपून राहावं लागेल."

कुणी कुणापासून, हे त्यांनी सांगितलं नाही. जिभेचं गणित मात्र पुढे समजलं. रेती दातांत कचकचते, गाळ पिठासारखा मऊ लागतो आणि चिकणमाती जिभेला धरून बसते. यंत्राला जे कळायला दोन दिवस लागत ते बाईंना दोन मिनिटांत कळे, आणि तरीही त्या दोन दिवस यंत्र चालवत. "जीभ माझी आहे, अहवाल लोकांचा आहे," असं त्यांचं म्हणणं. एका गिऱ्हाइकानं एकदा हौसेनं विचारलं, "काय मॅडम, कशी लागते आमची माती?" बाई म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यापेक्षा बरी." ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. अशी बरीच पुन्हा आली नाहीत.

बाई मला एरवी 'तू' म्हणत. रागावल्या की 'आपण'वर येत. "आपण आज अकरा वाजता उगवलात, उपकार झाले," असं ऐकलं की मी समजून जायचो, आज चहा मिळत नाही. आमच्या वऱ्हाडात माणूस रागावला की आवाज चढतो, इथं व्याकरण सुधारतं. मला सवय व्हायला वर्ष गेलं.

मातीचं शास्त्र त्यांनी मला शिकवलं ते डब्यातल्या पोळ्यांवर. विद्यापीठानं चार वर्षांत जे शिकवलं नव्हतं ते बाईंनी बटाट्याच्या भाजीबरोबर शिकवलं. चिकणमातीची खनिजं म्हणजे पापुद्र्यांवर पापुद्रे. सगळा प्रश्न एवढाच, की त्यांच्या मधे पाणी शिरतं की नाही. "ह्या बघ, गरम असताना एकीवर एक टाकलेल्या. चिकटल्या. मधे काही जात नाही. हे केओलिनाइट. कोकणातली तांबडी माती. फुगत नाही, तडकत नाही, आणि खत घातलं तर तेही धरून ठेवत नाही. आमचे घरमालक." दुसरं इलाइट. त्याच्या पापुद्र्यांना पोटॅशचे कण मधे बसून धरून ठेवतात. "हा तू. पगार म्हणजे तुझा पोटॅश. तो सुटला की तू सुटलास." आणि तिसरं माँटमोरिलोनाइट. एवढं लांब नाव, पण बाई ते घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घेत. "ह्या तूप लावलेल्या पोळ्या. सुट्या. पाणी मिळालं की थराथरात शिरतं, फुगते. वाळली की आवळते आणि पाय जाईल एवढी भेग पडते. आमचे धाकटे दीर. बढती झाली की फुगतात, साहेब ओरडला की भेगा."

पण त्यांचं खरं प्रेम ह्या तिसरीवरच होतं. पुण्याच्या पूर्वेची, मांजरी-लोणी काळभोरकडची काळी माती म्हणजे हीच. चमचाभर मातीचे पापुद्रे सुटे करून पसरले तर शाळेचं मैदान झाकेल, आणि त्या प्रत्येक पापुद्र्यावर पाणी नि खत धरून ठेवायला जागा. उसाला आणखी काय पाहिजे? वर्षानुवर्षं शेतकरी धोतराच्या फडक्यात माती बांधून बाईंकडे यायचे, किती युरिया, किती पोटॅश ते विचारायला. मी आलो तेव्हा मात्र तेच सर्व्हे नंबर बिल्डरांच्या फायलींमधून यायला लागले होते. उदारीकरण म्हणतात ते मी असं पाहिलं. फडकं गेलं, फाइल आली, आतली माती तीच. "उसाला जी देवी, ती इमारतीला भूत," बाई म्हणत. "मातीचा काय दोष? पत्ता बदललाय."

ह्यांतले एक सोपानराव. मांजरीचे. बाईंनी त्यांच्या उसाची माती पंधरा वर्षं तपासलेली. त्यांनी चार एकर बिल्डरला दिले, पैसे अधिक दोन फ्लॅट अशा बोलीनं. सौदा झाला त्या वर्षी ते पोतंभर माती घेऊन खालच्या मूर्तिकाराकडे आले. "औंदाचा गणपती आपल्याच रानाच्या मातीचा. पुढल्या साली रान नसनार हाय." डोळ्यांत पाणी. मूर्तिकार शाडूवर काम करणारा, तो म्हणाला, ह्या मातीत जमणार नाही. सोपानराव ऐकेनात. शेवटी त्यानं मूर्ती केली, सुंदर केली, फळीवर वाळत ठेवली. चौथ्या दिवशी सोंडेला भेग, पाचव्या दिवशी पोटाला.

सोपानराव तसेच जिना चढून वर आले. एवढा बाप्या माणूस, रडायच्या बेताला. मला वाटलं, बाई आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण त्यांनी चहा सांगितला. मग पोळी-पापुद्र्याचं सगळं शास्त्र त्यांना समजावून सांगितलं, आणि खाली जाऊन मूर्तिकाराला म्हणाल्या, "तीन भाग शाडू, एक भाग ह्यांची माती, आणि कापूस घाल." तो गणपती टिकला. सोपानरावांनी प्रसादाचे मोदक आणून दिले तेव्हा बाई म्हणाल्या, "ह्या मातीवर घर बांधताय ना? मग ती काढून टाका आणि खाली मुरूम लागेल तिथून पाया घ्या. गणपतीत कापूस घालता आला, इमारतीत घालता येत नाही." सोपानराव हसले. मीही हसलो.

आता माझी कर्मकहाणी सांगणं भाग आहे, थोडक्यात सांगतो. मी एकोणतीस वर्षांचा, लग्न जमत नव्हतं. कोथरूडच्या एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "माती तपासता म्हणजे? कॉम्प्युटरवर?" मी म्हटलं, "नाही, मातीवर." पोह्यांची दुसरी प्लेट आली नाही. त्या काळात पुण्यात ज्याला त्याला सॉफ्टवेअरचं वेड लागलं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार आणि ते आपणच चालू करणार, अशी शेजारच्या गल्लीतल्या क्लासवाल्याची जाहिरात होती. मी संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. बाईंना कळलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बरं. माती काही बंद पडणार नाही, परत ये."

त्याच सुमारास विकासशेठ आले. नाव आईवडिलांनी ठेवलेलं, धंदा नंतर सुचलेला. सोपानरावांच्या चार एकरांत ते 'सिलिकॉन गार्डनिया' उभारणार होते. बाई नाव ऐकून म्हणाल्या, "खोटं नाही. चिकणमातीत सिलिकॉनच भरलेलं असतं." विकासशेठना हे कौतुक वाटलं. त्यांना मातीचा अहवाल हवा होता, तोही शनिवारपर्यंत, कारण त्या दिवशी बँकेचा माणूस येणार होता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाईंच्या बहिणीचं नाशिकला ऑपरेशन निघालं. जाताना त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली, प्रयोगशाळेच्या दोन कोऱ्या कागदांवर सही करून माझ्या हातात दिले. "तपासणी नीट कर, आकडे भर, दे. मातीला वेळ दे."

फुगण्याची तपासणी अगदी साधी असते, म्हणूनच माणूस तिथं घसरतो. काचेच्या दोन नळ्या. दोन्हींत सारखी माती. एकीत रॉकेल ओतायचं, दुसरीत पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतली उंची बघायची आणि फरक काढायचा. (प्रयोगशाळेचं रॉकेल बाईंच्या रेशनकार्डावर यायचं, हे आपल्या शास्त्रीय संशोधनाच्या परिस्थितीबद्दल जाता जाता.) मी शुक्रवारी दुपारी एकला नळ्या भरल्या. साडेसातला क्लासची परीक्षा होती, शनिवारी दिवसभर क्लासमध्येच कुठल्याशा कंपनीचा माणूस मुलाखती घ्यायला येणार होता. शनिवारी दुपारी एकला आकडा घ्यायला परत यायचं म्हणजे मुलाखत बुडणार. संध्याकाळी सहाला निघताना मी नळ्यांकडे पाहिलं, उंची टिपली, फरक आला चाळीस. अहवालात लिहिलं, 'चोवीस तासांनंतर : चाळीस टक्के'. बाईंच्या सहीच्या बरोबर वर. नळ्या धुवून ठेवल्या आणि वाटेत अहवाल विकासशेठच्या ऑफिसात टाकला.

मुलाखत काही झाली नाही. कंपनीचा माणूस आलाच नाही.

बाई बुधवारी परतल्या. फायलीतली प्रत पाहिली. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"मांजरीची माती, चाळीस?" त्या म्हणाल्या. "ही काय कोकणातून चालत आली?"

मी टेबलावरची कोरडी नळी पुन्हा पुसायला घेतली.

"चोवीस तास ठेवली होतीस?"

"हो," मी म्हणालो.

बाईंनी उरलेल्या नमुन्याची पुडी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला त्यांनी स्वतः नळ्या भरल्या आणि समोर स्टूल ओढून बसल्या. दर तासाला उठून उंची बघायच्या, वहीत लिहायच्या. दिवसभर ना माझ्याशी बोलल्या, ना मला 'आपण' म्हणाल्या. शुक्रवारी सकाळी नवाला शेवटचा आकडा घेतला आणि उघडी वही माझ्या टेबलावर ठेवून खाली चहाला गेल्या. चोवीस तासांसमोर लिहिलं होतं एकशे दहा. पाचव्या तासासमोर लिहिलं होतं चाळीस. रेघ नाही, खूण नाही, शेरा नाही.

माझे कान तापले. वाटलं, बाई वर आल्या की सांगून टाकावं. त्या वर आल्या, मी काखोट्याला फाइल मारून उभा होतो, तोंडही उघडलं होतं. आणि काय सांगावं, अनुभवाचा दाखला आठवला. नोकरी बदलायची तर दाखला बाईंनीच द्यायचा होता. मी तोंड मिटलं. बाई दोन मिनिटं थांबल्या. मग म्हणाल्या, "चल. मांजरीला जाऊ."

पीएमटीच्या बसनं गेलो. वाटेत त्या खिडकीबाहेर उसाच्या फडांतून उगवलेले बोर्ड वाचत होत्या. साइटवर पायाचे खड्डे निघालेले, कमरेएवढे, सगळे काळ्या मातीतच. विकासशेठ खुर्ची टाकून मोबाइलवर बोलत होते, ते वाजवीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. बाईंनी नवा अहवाल पुढे केला.

"आधीचा चुकीचा आहे. हा घ्या. पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल."

"मॅडम, दुप्पट खोदाई होईल! आणि तो रिपोर्ट बँकेत गेला. सही तुमचीच आहे की."

"म्हणूनच बसनं आले. दुसऱ्याची असती तर पोस्टानं पाठवलं असतं."

"चूक कुणाची ते तरी सांगा," विकासशेठनी माझ्याकडे बघून विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुटाला काळी माती चिकटली होती, मी ती दगडावर घासत होतो. फार मन लावून घासत होतो.

"प्रयोगशाळेची," बाई म्हणाल्या.

विकासशेठनी नवा अहवाल घडी करून खिशात घातला. तो खिशातून पुढे कुठे जाणार नाही, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. आठवडाभर बाईंनी वाट पाहिली. मग त्यांनी जे केलं ते पुण्याच्या पेठेत राहिलेलं माणूसच करू जाणे. पेपरात जिथं नावं बदलल्याच्या आणि कागदपत्रं हरवल्याच्या जाहिराती येतात तिथं, स्वखर्चानं, चौकटीत छापून आणलं : 'मांजरी येथील सिलिकॉन गार्डनिया ह्या प्रकल्पाच्या जमिनीबाबत माझ्या प्रयोगशाळेने दिलेला पहिला अहवाल साफ चुकीचा आहे. त्यावर विसंबून कोणी बांधू नये, कोणी घर घेऊ नये. चूक माझी आहे. वसुधा खांबेटे.'

आता बोला! आपल्या दुकानातला माल खराब आहे अशी जाहिरात देणारी ही पुण्यातली पहिली आणि शेवटची दुकानदार. बँकेनं तो चौकोन वाचला, स्वतःचा इंजिनियर पाठवला, आणि विकासशेठना झक मारत मुरमापर्यंत खोदावं लागलं. बाई रोज एक महिना बस धरून जायच्या आणि खड्ड्यात वाकून मुरूम लागला का बघायच्या. कुणी बोलावलं नव्हतं. इकडे बिल्डर लोकांनी आमच्याकडे यायचं बंद केलं, कारण उद्या ही बाई आपलंही नाव छापायची. सोपानराव मात्र आले, आणि दारातच उभे राहून ओरडले. "बाई, तुमी चुकला आन् बदनाम माजी जमीन झाली! आठ जनांनी बुकिंग काढून घेतलं. पंधरा वर्सं ज्या बाईवर इस्वास टाकला तिला माती कळंना?"

बाई म्हणाल्या, "चुकलं खरं, सोपानराव. बसा, चहा घ्या."

ते बसले नाहीत. त्यांची पाठ जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी दप्तरात डोकं घालून होतो. शरम वाटत होती हो, वाटत नव्हती असं नाही. पण शरमेनं तोंड उघडतं असं थोडंच आहे? माझं तर घट्टच मिटलं.

चार महिन्यांनी मला नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं, "आधीचा अनुभव?" मी म्हटलं, "सॉइल टेस्टिंग." साहेब म्हणाला, "टेस्टिंग आहे ना? मग झालं." तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून पगार घेतो. नियतीला विनोदाची जाण नसते असं कोण म्हणतो? दाखल्यात बाईंनी तीन ओळी लिहिल्या. कामाची तारीख, कामाचं स्वरूप, आणि 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. माणूस कसा आहे, ह्याबद्दल एक अक्षर नाही.

लग्न झालं, फ्लॅट झाला, गाडी झाली. प्रयोगशाळा बंद झाल्याचं कानावर आलं. जाऊन यावं असं दर दिवाळीला वाटायचं, आणि दर दिवाळीला काहीतरी निघायचं. जायला तेरा-चौदा वर्षं लागली. कसब्यातल्या मूर्तिकारानं नवा पत्ता सांगितला तेव्हा मला वाटलं, तो थट्टा करतोय. बाई मांजरीला राहत होत्या. सिलिकॉन गार्डनियात, दुसऱ्या मजल्यावर.

"इथं?" दार उघडल्यावर माझ्या तोंडून तेच निघालं.

"मग कुठं जाऊ?" बाई म्हणाल्या. केस पांढरे, कानाला यंत्र, बाकी सगळ्या तशाच. "जिचा पाया मी स्वतः वाकून पाहिलाय अशी पुण्यात एकच इमारत आहे. भिंतींवर बघ, आहे एक तरी भेग? बस. चहा टाकते."

भेग नव्हती. मी चहा घेतला, मुलांचे फोटो दाखवले, हवापाण्याचं बोललो. खालून गप्पांचा आवाज येत होता. पार्किंगच्या कट्ट्यावर सोसायटीतली म्हातारी मंडळी बसली होती, मधोमध सोपानराव. येताना मला त्यांनी ओळखलं नव्हतं, पण कुणाकडे आलात विचारून, सांगितल्यावर हसले होते. "आमच्या बाई व्हय. हुशार हाय लई. फकस्त एकदा चुकल्या, आमच्याच मातीला." कट्ट्यावरचे बाकीचेही हसले होते. नेहमीचा विनोद असावा.

शेवटी कप ठेवला आणि बोललो. "बाई, तो आकडा मी पाच तासांनी वाचला होता. चोवीस तास ठेवली म्हणालो, ते खोटं होतं."

चौदा वर्षं अडकून पडलेलं वाक्य. मला वाटलं, आता बाई काहीतरी म्हणतील. रडतील, ओरडतील, निदान 'आपण'वर येतील. बाईंनी बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं.

"मला काय सांगतोस?" त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं."

"हो, पण मला सांगायचं होतं."

"मग ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. मी पेपरात दिलं होतं, तू बंद दारामागे देतोयस." त्यांनी खाली बोट दाखवलं. "सोपानराव बसलेत. सहा वाजता उठून आत जातात."

घड्याळात पावणेसहा झाले होते. मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता त्यांना काय फरक पडतो. बाई म्हणाल्या, "त्यांना नसेल पडत. मला पडतो. इथं राहायला आल्यापासून हा माणूस मला रोज दारात भेटतो आणि रोज हसतो." हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्याकडे बघवेना.

मी उठलो. जिना उतरलो. दोन मजले, पण अकोल्याहून पुण्याला आलो तेव्हा एवढं अंतर वाटलं नव्हतं. कट्ट्यापाशी जाऊन सोपानरावांसमोर उभा राहिलो. पाच-सहा म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

"सोपानराव," मी म्हणालो, "मी राऊत. बाईंच्या प्रयोगशाळेत होतो. तुमच्या मातीचा तो चुकीचा अहवाल..."

पुढचं मी पुटपुटलो. सोपानरावांनी कानामागे हात नेला. मी वर पाहिलं. बाई गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या, चष्मा कपाळावर, आणि कानाचं यंत्र बोटानं नीट बसवत होत्या.

"मोठ्यानं बोल, राऊत!" त्या वरून ओरडल्या. "इथपर्यंत ऐकू येत नाहीये!"